सोळा शतांश

लिफ्टचं दार मिटायला लागलं तेव्हा ती बाई सात-आठ पावलांवर होती. एका हातात पुस्तकांची पिशवी, दुसऱ्या हाताने गळ्याशी धरलेला लाल मफलर, आणि तोंडाने ‘थांबा, थांबा हं’ असं काहीतरी. हार्लन व्हीनस्ट्राचा अंगठा दार उघडायच्या बटणावरच होता. त्याने तिला पाहिलं, दाबायचं असं मनात आणलं, आणि अंगठा हलला नाही. दार मिटलं. शेवटच्या बोटभर फटीतून तिचा चेहरा दिसला. रागावलेला नव्हता, नुसता चकित झालेला. लिफ्ट ग्रंथालयाच्या चौथ्या मजल्याकडे निघाली आणि हार्लन आत एकटाच, बटणावरच्या स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. नखाची कड थोडी पिवळी, सांध्याशी जुनी सूज. एकसष्ट वर्षं हा अंगठा आपल्याजवळ आहे, आणि आत्ता त्याने आपलं ऐकलं नाही. की ऐकलं? की आपणच त्याला काही सांगितलं नाही? चौथ्या मजल्यावर दार उघडलं तसा तो उतरलाच नाही, तसाच खाली आला. बाई गेली होती.

बाहेर मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सचा एप्रिल होता. वाहनतळाच्या कडांना काळवंडलेल्या बर्फाचे ढिगारे अजून वितळायचे होते, आणि नदीकडून येणाऱ्या वाऱ्याला लोखंडाचा वास होता. हार्लन गाडीत बसला, पण किल्ली फिरवेना. गेले चार आठवडे जे त्याने मनाच्या तळाशी दाबून ठेवलं होतं ते त्या बाईच्या चेहऱ्याबरोबर वर आलं होतं. तेव्हाही असंच झालं होतं का? टायरेल रेषेवर आला तेव्हा?

हार्लनचा उद्योग चारचौघांना सांगायला सोपा नव्हता. शेजारपाजारच्यांनी विचारलं की नेला, त्याची बायको, हसून म्हणायची, ‘तो पोरांना नंबर देतो.’ ते खोटंही नव्हतं. सत्तावीस वर्षं त्याने शहराच्या पश्चिम भागातल्या शाळेत मुलांना धावायला शिकवलं; निवृत्त झाल्यावर गेली अकरा वर्षं तो फॅन्टसी फुटबॉलवाल्यांसाठी, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या अमेरिकी फुटबॉलच्या शौकिनांसाठी, नवोदित खेळाडूंची क्रमवारी लिहीत होता. देशभर लाखो माणसं, दंतवैद्य, ट्रकवाले, पाद्री, आपापले कागदी संघ बाळगून असतात. खेळाडू खरे, सामने खरे. खऱ्या मैदानात तुमच्या खेळाडूने मजल मारली की तुमच्या कागदावर गुण चढतात. म्हणून दर वसंतात सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते: कॉलेजातून यंदा बाहेर पडणाऱ्या पोरांपैकी कोण चालेल, कोण नाही. सामने कोण बघतो? तेवढा वेळ कुणाला आहे? लोकांना आकडा हवा असतो. आणि आकडे मार्चमध्ये मिळतात, जेव्हा या पोरांना नुसत्या बनियन-चड्डीवर उभं करून मोजतात. उंची, वजन, पंजाची लांबी, उभ्याने मारलेली उडी, आणि सगळ्यांत वर म्हणजे चाळीस यार्डांची धाव. अंगावर कुणी येत नाही, हातात चेंडू नाही, पायाखाली चिखल नाही. नुसतं सरळ धावायचं. त्या साडेचार सेकंदांत तीन वर्षांचा खेळ पुसला जातो किंवा सोन्याचा होतो. हार्लन हे लिहायचा, दरवर्षी लिहायचा, की बाबांनो, आकड्याला इतकं डोक्यावर घेऊ नका. आणि दरवर्षी आकडे आले की रात्रीची जेवणं सोडून क्रमवारी उलटीपालटी करायचा, कारण न करणाऱ्याला कुणी वाचत नाही.

टायरेल मेब्रीला मात्र त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तासाभराच्या अंतरावरच्या छोट्या कॉलेजात, चाळीस-पन्नास प्रेक्षकांच्या थंडगार बाकांवर बसून, तीन हिवाळे. तो पोरगा चेंडू घेऊन धावायचा तेव्हा समोरचे लोक त्याच्या अंगावर येताहेत असं वाटतच नसे, तेच वाट विसरल्यासारखे बाजूला पडत. हार्लनने जानेवारीत त्याला देशातल्या नवोदितांत सातव्या क्रमांकावर ठेवलं तेव्हा संकेतस्थळाचा संपादक किप फोनवर ओरडला होता, ‘कोण आहे हा? याचं नाव मी जन्मात ऐकलं नाही!’ ‘ऐकशील,’ हार्लन म्हणाला होता. त्या एका शब्दात त्याला केवढं सुख झालं होतं! आपण आधी पाहिलं. सगळ्यांच्या आधी. त्या सुखातच कुठेतरी दुसरी गोष्ट मिसळलेली होती. ती तेव्हा त्याने निरखून पाहिली नाही. ती म्हणजे, हा पोरगा आपला आहे.

मार्चमधल्या त्या मोजणीच्या दिवशी हिमवादळ झालं. दोन संघांचे खेळाडू पारखणारे महामार्गावर अडकले ते आलेच नाहीत, आणि कॉलेजच्या बंदिस्त मैदानातलं वेळ मोजायचं यंत्र थंडीने की कशाने रुसलं. तेव्हा तिथल्या प्रशिक्षकाने स्टॉपवॉच हार्लनच्या हातात ठेवलं. ‘कोच, तुमच्या अंगठ्यावर मिशिगनात तरी कुणी शंका घेणार नाही. तुम्ही घ्याल तीच वेळ मी सगळ्या संघांना कळवतो.’ हार्लनला ते आवडलं, खोटं कशाला बोला. त्याने स्वतःचा फोनही तीन पायांच्या स्टँडवर लावून चित्रण चालू केलं, नेहमीच्या सवयीने. रबरी जमिनीचा वास, पत्र्यावर बर्फ आपटल्याचा आवाज. टायरेल वाकला, बोटं रेषेवर टेकली, सुटला. त्याची पावलं वाजत नव्हती. हार्लनला आठवत होतं ते इतकंच: पोरगा समोरून येत होता आणि आपण मनात म्हणालो होतो, अरे, फार वेगात येतोय. मग घड्याळात आकडा होता, चार सेकंद आणि एकोणसत्तर शतांश. ‘चार एकोणसत्तर,’ तो मोठ्याने म्हणाला, आणि टायरेल गुडघ्यांवर हात ठेवून वळला तो ओणवाच त्याच्याकडे बघत राहिला. ‘किती?’

‘एकोणसत्तर.’

‘हं,’ टायरेल म्हणाला. एवढंच. दुसऱ्यांदा धावला तो खांदे आवळून, दात खाऊन, पायांवर विश्वास नसल्यासारखा, चार बहात्तर. ती वेळ खरी होती. हार्लनला कुणी विचारलं असतं तर त्याने शपथेवर सांगितलं असतं की ती खरी होती.

त्या आठवड्यात त्याने टायरेलला सातवरून चव्वेचाळिसावर आणलं. बाकीच्या क्रमवारीवाल्यांनी तर नावच गाळलं. आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी दुपारी, बोलिंगच्या अड्ड्यामागच्या खोलीत, त्याचे स्वतःचे अकरा मित्र जमले. तीस वर्षांची जुनी मंडळी, सगळे हाडाचे उतावळे, खऱ्या संघांनी पोरं निवडण्याआधीच आपल्या कागदी संघांची वाटणी करून मोकळे होणारे; पाळीपाळीने एकेकाने एक नाव उचलायचं, उचललेलं दुसऱ्याला मिळत नाही. ऑलिव्ह घातलेले बर्गर, बिअरचे जग, भिंतीपलीकडे चेंडूने लाकडी पिना कोसळल्याचा गडगडाट. चौथ्या फेरीत हार्लनची पाळी आली तेव्हा डुएन बॉश म्हणाला, ‘बोल म्हाताऱ्या, आता गाळातलं काय उचलतोस?’

‘मेब्री.’

‘अरे, तूच त्याला लंगडा ठरवलंस ना?’

‘जुनं प्रेम आहे,’ हार्लन म्हणाला, आणि सगळे हसले, आणि तोही हसला. हसता हसता त्याने आपल्या कागदावर मेब्रीचं नाव लिहिलं.

ग्रंथालयाच्या वाहनतळात बसून त्याने आता फोन काढला. ते चित्रण त्याने एकदाही पुन्हा पाहिलं नव्हतं. एरवी तो प्रत्येक धाव चार-चारदा पाही. हीच का नाही? काच थंडीने धुकटली होती. त्याने एकेक चित्र पुढे सरकवत मोजायला घेतलं, सेकंदाला साठ चित्रं. टायरेलचा हात जमिनीवरून सुटला तिथपासून त्याची छाती रेषेवर आली तिथपर्यंत. दोनशे बहात्तर. पुन्हा मोजलं. दोनशे बहात्तर. म्हणजे चार त्रेपन्न. सोळा शतांश. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो, हे तो शाळेत मुलांना सांगायचा. सोळा शतांशांनी पहिल्या दहातला माणूस यादीबाहेर जातो, हे त्याच्याइतकं चांगलं कोण जाणत होतं?

अंगठा, तो मनाशी म्हणाला. लिफ्टमध्ये झालं तेच. काहीतरी दुखणं आहे. त्याच्या एका काकाचे हात म्हातारपणी असेच हुकमाबाहेर गेले होते, चर्चमध्ये भजनाचं पुस्तक थरथरायचं. हा विचार येताच त्याला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट छातीवरचा दगड कुणीतरी उचलल्यासारखं झालं. मग त्याने, का कोण जाणे, चित्रणाचा आवाज मोठा केला. घड्याळ सुरू करताना एक ‘टिक’ होते, थांबवताना एक. त्याने ते दोन्ही आवाज चित्रांशी जुळवून पाहिले. सुरुवातीची टिक नेहमीइतकीच उशिरा होती, कुणाच्याही हातून होते तेवढी. शेवटची त्याच्या दुप्पट. पण शेवट तर समोरून येताना दिसतो. सराईत अंगठा तिथे चुकत नाही. आजारी अंगठा दोन्हीकडे सारखाच आळसावेल. हा फक्त एकीकडे थबकला होता. हार्लनने फोन बंद करून शेजारच्या सीटवर पालथा ठेवला. आजार असा नियमाने थोडाच वागतो, त्याने स्वतःला सांगितलं. डॉक्टर सांगतील.

घरी नेलाने लिफ्टची हकिकत ऐकली आणि हातातला चमचा खाली ठेवला. ‘हात पुढे कर. दोन्ही.’ त्याने केले. ती बराच वेळ बघत राहिली, मग तिने ते आपल्या ओल्या हातांत धरले. ‘उद्या फोन करते डॉक्टरांना. आणि हे बघ, आधीच काही मनात धरू नकोस.’ तिचे डोळे भरून आले होते. हार्लनला वाटलं, सांगावं, अगं, माझ्या मनात दुसरंच आहे. पण सांगणार काय? की मला तो पोरगा हवा होता, कागदावर, खेळातल्या खेळात? हवा होता म्हणून तो पडावा असं मला वाटलं? वाटलं होतं का? त्या साडेचार सेकंदांत आत कोण काय म्हणालं हे कुठल्या चित्रणात दिसतं? त्याला आपले वडील आठवले. एकोणीसशे ब्याऐंशीची राज्य स्पर्धा, तो दोनशे मीटरला तिसरा आला होता, फुप्फुसं पेटली होती. आणि खुर्च्यांच्या कारखान्यात जन्म काढलेले, बोटांना कायम वॉर्निशचा वास असलेले वडील त्याच्याकडे न बघता फलकाकडे बघत होते. जवळ गेला तेव्हा म्हणाले, ‘किती?’ तेव्हापासून तो जगभर हाच प्रश्न विचारत फिरत आला होता.

शनिवारी तो टायरेलकडे गेला. टायरेल दक्षिणेकडच्या एका गोदामात काम करत होता, कचेरीतल्या खुर्च्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ट्रकवर चढवायचं. हार्लनला पाहून त्याने हातमोजे काढले.

‘कोच? तुम्ही इकडे कुठे?’

‘तुझी वेळ चुकली होती,’ हार्लन म्हणाला. ‘म्हणजे तुझी नाही. मी घेतलेली. मी चित्रण मोजलं.’

टायरेलने हातातल्या चिकटपट्टीचं टोक नखाने सोडवलं, पुन्हा चिकटवलं. ‘किती?’

‘त्रेपन्न. चार त्रेपन्न.’

मागे ट्रक उलटा येताना पिपाणीसारखा वाजत होता. तो थांबल्यावर टायरेल हळूच म्हणाला, ‘मी घरी सांगितलं, माझे पाय गेले. मावशी म्हणाली, मैदानात तर मला तसं दिसलं नाही. मी तिच्यावर डाफरलो. म्हटलं, तुला काय कळतंय, घड्याळाला दिसतं ते तुला दिसत नाही. त्यानंतर मी धावलो नाही, कोच. चार आठवडे. एकदाही नाही. सकाळी जाग यायची सवयीने, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. कशाला उठायचं?’ तो हसला. ‘पायांना वाटत होतं हं. पाय म्हणत होते, छान झालं. मी म्हटलं, गप्प बसा, तुमच्यापेक्षा कोचना जास्त कळतं.’

आता, हार्लनला वाटलं. आत्ताच सांग. त्याने तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हे: ‘माझ्या हाताला काहीतरी झालंय, टायरेल. अंगठा वेळेवर हलत नाही. डॉक्टरांकडे जायचंय.’

टायरेलचा चेहरा एकदम निवळला. जो राग यायला हवा होता, जो हक्काने यायला हवा होता, तो येता येता विरला. ‘अरे देवा. माझ्या आजीचंही तसंच झालं होतं. कप धरता यायचा नाही तिला.’ त्याने समोरच्या गठ्ठ्यातली एक खुर्ची ओढली, दातांनी प्लास्टिक फाडलं. ‘बसा, बसा तुम्ही. गाडी चालवत आलात का असल्या हातांनी?’ हार्लन बसला. खुर्ची नवी होती, मऊ होती, आणि तिच्यात बसून तो त्या पोराची दया खात राहिला, एकेक घास.

त्याच संध्याकाळी त्याने चित्रण सगळ्या संघांना पाठवलं आणि संकेतस्थळावर लिहिलं की चूक माझी, माझा हात बहुधा आजारी आहे. किपचा फोन आला. ‘अरे, लोक रडतायत! तुला कल्पना नाही किती पत्रं आलीत. पोराला कुठे नेतोयस आता?’ ‘नवव्यावर,’ हार्लन म्हणाला. डुएननेही फोन केला. आधी तब्येतीची चौकशी, घसा खाकरणं, मग न राहवून, ‘पण काय रे, चौथ्या फेरीत हिरा उचललास की तू!’ हार्लनने त्याला सांगून पाहिलं की मी तो परत करतो. डुएन म्हणाला, ‘वेडा आहेस का? आजारी माणसाकडून कोण काढून घेईल?’

खऱ्या निवडीत, तीन दिवस चाललेल्या सात फेऱ्यांत, टायरेलचं नाव आलं नाही. उशीर झाला होता. संघांच्या याद्या कधीच्या पक्क्या झाल्या होत्या. पण निवड संपल्यावर तासाभरात पश्चिमेकडच्या एका संघाने त्याला नवोदितांच्या शिबिराला बोलावलं. तीन दिवस बघू, आवडलास तर ठेवू. त्याने सर्वांत आधी मावशीला सांगितलं आणि मग हार्लनला. ‘तुमच्यामुळे, कोच,’ तो म्हणाला. हार्लन फोन कानाशी धरून स्वयंपाकघरात उभा होता. खिडकीबाहेर शेजारी गवत कापत होता. ‘तुमच्यामुळे’ हा शब्द दोन्ही बाजूंनी कापतो हे त्या पोराला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाईंचं नाव ओक्सेनबर्ग. मे महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी तिने त्याला तासभर तपासलं. अंगठा आणि तर्जनी टेकवा, सोडा, टेकवा, भरभर. नाकाला बोट लावा. सरळ रेषेत चाला. दिवा लागला की बटण दाबा. दिवा लागला, दाबलं, लागला, दाबलं, वीस वेळा, तीस वेळा. हार्लन जीव तोडून एक प्रकारे प्रार्थना करत होता, आणि आपण काय मागतोय हे कळून त्याच्या मानेवर घाम फुटला होता. नेला शेजारी खुर्चीत पर्स घट्ट धरून बसली होती. तिचीही प्रार्थना चालली होती, बरोबर उलटी.

‘मिस्टर व्हीनस्ट्रा,’ डॉक्टरीण खुर्ची वळवून म्हणाली, ‘बटणावर तुम्ही चाळिशीतल्या माणसासारखे आहात. मज्जातंतूंत मला काही दिसत नाही. अंगठ्याच्या मुळाशी थोडा संधिवात आहे. थंडीत दुखेल, मलम देते.’

‘पण तो थांबतो,’ हार्लन म्हणाला. ‘मध्येच थांबतो.’

‘कधी?’

‘दोनदा. दोनदा थांबला.’

‘मग बहुधा तुम्हीच थांबला असाल,’ ती हसून म्हणाली. ‘माणसं थबकतात. तो रोग नाही.’

नेला रडायला लागली. डॉक्टरणीचा हात धरून, मग हार्लनच्या खांद्यावर डोकं टेकून, एवढ्या मोकळेपणाने की तो तिला थोपटत राहिला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘तू बस इथे उन्हात, मी मलम घेऊन येते. आणि आज बाहेर जेवू या. नाही म्हणू नकोस.’ ती रस्ता ओलांडून औषधांच्या दुकानात शिरली. हार्लन बाकावर बसला. ऊन खरोखरच चांगलं होतं, वर्षातलं पहिलं अंगाला लागणारं. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवून पाहिले. निरोगी, आज्ञाधारक हात. आता आत लपायला जागा उरली नव्हती. फोन वाजला तेव्हा नाव न बघताच त्याला कळलं.

‘कोच, मी विमानतळावर आहे,’ टायरेल म्हणाला. मागे कुणीतरी कर्ण्यावर गावांची नावं घेत होतं. ‘आज तुमची तपासणी ना? मावशीने चर्चमध्ये तुमचं नाव दिलं होतं. काय म्हणाले?’

‘काही झालेलं नाही,’ हार्लन म्हणाला. ‘हात चांगला आहे.’

‘वा! बघा, मी म्हटलं नव्हतं?’

‘टायरेल, ऐक. हात चांगला आहे. त्या दिवशीही चांगलाच होता.’

पलीकडे एक मूल रडत होतं, चाकांच्या बॅगा घरंगळत होत्या.

‘मी एका फॅन्टसी लीगमध्ये खेळतो. मित्रांबरोबर. तू खाली घसरलास तर मला मिळशील, असं माझ्या मनात होतं. आधीपासून. तू रेषेवर आलास आणि मी थांबलो. जाणूनबुजून की नाही, ते मला ठाऊक नाही. पण थांबलो मीच.’

बराच वेळ गेला. हार्लनने मोजला नाही.

‘आणि मिळालो?’ टायरेलने विचारलं.

‘हो.’

‘कुठल्या फेरीत?’

‘चौथ्या.’

‘चौथ्या,’ टायरेल म्हणाला. त्याचा आवाज आता खूप लांबून, खूप सावकाश येत होता. ‘मावशीने तुमच्यासाठी मेणबत्ती लावली, कोच. माझ्यासाठी पण नाही लावली तिने. म्हणाली, तू धडधाकट आहेस, त्यांना गरज आहे.’

‘टायरेल—’

‘आमचं विमान बोलावतायत. मला पळायला हवं.’

फोन बंद झाला. हार्लन तो कानाशी धरून बसून राहिला. दुकानाच्या दारातून नेला बाहेर आली, हातात कागदी पिशवी, डोळे अजून लाल. दहा वर्षांनी लहान दिसत होती. तिने रस्त्यापलीकडून हात हलवला, गाड्या जाऊ दिल्या, जवळजवळ धावतच आली आणि त्याच्याशेजारी टेकली.

‘कुणाचा फोन?’

‘टायरेलचा.’

‘बिचारा! किती काळजीत होता. सांगितलंस ना त्याला? काही झालेलं नाही म्हणून?’

‘सांगितलं,’ हार्लन म्हणाला.